हरण्याच्या पाठीवरची गोम

आमच्या निमगावात कुणी बैल विकत घ्यायला निघाला की आधी मारुतीला नारळ वाढवी आणि मग जनावर आमच्या आबांना दाखवी. नारळ एखाद्यानं चुकवला असेल, आबांना दाखवणं कुणी चुकवत नसे. जनावराच्या अंगावर केस गोल फिरतात तो भोवरा, आणि केसांची एक रेघ आपली नेहमीची दिशा सोडून गोमेसारखी सरळ चालत जाते ती गोम. कुठला भोवरा कणगी भरतो, कुठला मालकाला कचेरी दाखवतो, गोम शेपटीकडं चालली तर काय आणि डोक्याकडं चालली तर काय, हे सगळं आबांच्या बोटांत होतं. डोक्याकडं चाललेली ती उलटी गोम. तिच्याइतकं वाईट लक्षण दुसरं नाही, ती मालकाचं घर बसवते, असं आबा सांगत आणि ऐकणारा आपोआप जनावरापासून एक पाऊल मागं सरे. हा शहाणपणा होता की खुळेपणा, याचा निवाडा करायला मी बसलेली नाही. शहाण्या माणसांनी केलेले निवाडे मी पुष्कळ पाहिले आहेत.

आबा डोळे मिटून जनावराच्या पाठीवरून हात फिरवत. लोकांना त्याचं फार कौतुक. ‘आबास्नी डोळं लागत न्हाईत, बोटांनी वाचत्यात,’ म्हणत. घरात आम्हाला ठाऊक होतं की डोळे मिटले काय आणि उघडे ठेवले काय, आबांना सारखंच. त्यांच्या दोन्ही बुबुळांवर पांढरं उतरलं होतं. माणूस ते आवाजावरून ओळखत, भाकरीचा काठ चाचपत, आणि उंबऱ्याला ठेच लागली की उन्हाला शिव्या देत. ‘उन्हानं डोळं दिपलं’ हे त्यांचं बारमाही वाक्य होतं, भर पावसातसुद्धा. आम्ही कुणी काही बोलत नसू. आई त्यांच्या ताटात कालवण कुठं वाढलंय ते बोलता बोलता सांगायची, जणू सहज सांगतेय अशी.

हरण्या आमच्या घरी जन्मला, पण तो वहिनीचा. थोरल्या दादाचं लग्न झालं तेव्हा वहिनीच्या बापानं सुप्याहून आंदणात एक खिलार गाय दिली होती. सुप्याकडं माळरान, पाणी बेताचं, पण जनावर काटक आणि देखणं. वर्षाच्या आत गाईला खोंड झाला. पांढराशुभ्र, कानाच्या पाळ्या गुलाबी, हरणासारखा उडायचा म्हणून हरण्या. गाईला झालं, वहिनीला मात्र काही झालं नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली, आणि मग लोकांनी वर्षं मोजायचं काम स्वतःकडं घेतलं. गावातल्या बायका पाणवठ्यावर हसून म्हणत, ‘अनसा, तुज्यापरीस तुजी गाय गुणाची गं.’ वहिनी घागर डोक्यावर घेई आणि चालू लागे. घरी आली की पहिली हरण्याकडं जाई. तो तिच्याखेरीज कुणाला अंगाला हात लावू देत नसे. दादानं एकदा जबरदस्तीनं खरारा फिरवायला घेतला, तर हरण्यानं त्याला गव्हाणीत बसवला. मला मात्र चालवून घ्यायचा, बहुधा मी वहिनीचं शेपूट म्हणून तिच्या मागं मागं असायची म्हणून.

त्या साली माघात बाजीतात्या आमच्या पडवीत येऊन बसले. हे आबांचे चुलतभाऊ. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या घरातली अडचण दिसली की त्यांना आपली सोय सुचायची. तंबाखू मळत म्हणाले, “आबा, सुनंची ओटी काय भरंना. इंदापुरात माज्या मेव्हणीची पोर हाय, हाताखाली येण्याजोगी. थोरली राहील की घरात. तुज्या घरात काय नवं हाय का ते?”

नवं नव्हतं. आमची आई ही आबांची दुसरी बायको. पहिलीला मूल होईना म्हणून आईला आणलं. आम्ही पहिलीला मोठी आई म्हणत असू. मला ती अंधुक आठवते, चुलीपासून लांब, भिंतीला टेकून लसूण सोलत बसलेली. आम्ही पोरं तिच्याजवळ फार जात नसू आणि तीही बोलावत नसे. ती गेली तेव्हा मी अगदी लहान होते. दाराआड वहिनी होती, मी होते, आणि चुलीपुढं आई. आबांनी काठी चाचपून मांडीवर घेतली. मग म्हणाले, “तिच्या पाठोपाठ खोंड आलाय. यंदा बारामतीला सरकारचं जनावरांचं प्रदर्शन हाय वैशाखात. त्याला नेतो. पयला आला तर सुनंचा पाय बरा म्हणायचा, आन ही गोष्ट माज्या दारात परत काढायची न्हाय. खोंड बी मग गावचा वळू म्हणून ठिवतो. न्हाय आला, तर बडवून औताला घालतो, आन मग तुजी पोर बघू.”

बडवायचं म्हणजे खोंडाचं नरपण ठेचून त्याचा नुसता ओढायचा बैल करायचा. अशी एका खोंडाच्या पाठीवर वहिनीची आणि त्याची, दोघांची गाठोडी बांधली गेली. दादा तिथंच वळचणीला दोरी वळत होता. त्यानं मान वर केली नाही. माझा भाऊ चांगला माणूस होता, कुणाला वावगा शब्द बोलला नाही. पण चांगल्या माणसांचा नेमका उपयोग काय, हे मला एवढं वय झालं तरी कळलेलं नाही.

चैत्र लागला तशी आम्ही कामाला लागलो. प्रदर्शनाचं जनावर उन्हाळ्यात राखणं म्हणजे तान्हं पोर राखण्यासारखं. ऊन चढल्यावर पाणी घालायचं नाही, कातडं तडकतं. त्यामुळं तांबडं फुटायच्या आत विहिरीवर जायचं. विहीर खाली गेलेली, कालव्याची पाळी कधी येईल ती येईल. माणसांना आंघोळीला तांब्याभर आणि हरण्याला घागरी. आदल्या संध्याकाळी रिठे भिजत घातलेले असत. ते कुस्करून फेस काढायचा, काथ्याच्या खराऱ्यानं मानेपासून मागं मागं घासत यायचं, गोचीड दिसली की करंजाच्या तेलाचं बोट लावून उपटायची. मग निळीच्या पाण्याचा हलका हात, म्हणजे पांढरा रंग डोळ्यांत भरतो. शेपटीचा काळा गोंडा वहिनी लाकडी फणीनं विंचरायची, माझे केसही इतक्या मायेनं तिनं कधी विंचरले नाहीत. शिंगं काचेच्या तुकड्यानं तासून करडईच्या तेलानं पुसायची. दुपारी ताक आलं की त्यातलं थोडं वहिनी स्वतःच्या वाट्याचं बाजूला ठेवी आणि त्याच्या मानेला, जिथं ऊन जास्त लागतं तिथं, चोळी. आई ओरडायची, “माणसं कोरडी भाकर खात्यात आन बैलाला ताकाचं न्हाणं!” पण भांडं काढून घ्यायची नाही. हुलग्याचं माडगं, शेंगांची चटणी, कांदा, एवढ्यावर आम्ही तो उन्हाळा काढला आणि हरण्या लोण्यासारखा झाला.

चैत्रात जनावराचे हिवाळी केस झडतात. लांब, मऊ, मळकट केस मुठी मुठीनं हातात येतात आणि खालून आखूड तुकतुकीत केस निघतात. उन्हाळ्याचा हा कोट आला की जनावर खरं दिसतं. एका पहाटे आम्ही असेच केस उपसत होतो. वहिनीचा हात वशिंडाच्या मागं थांबला. मला वाटलं गोचीड सापडली. तिनं तिथंच पुन्हा बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, “वन्सं, हितं हात लावा जरा.”

मी लावला. बोटाएवढी लांब रेघ होती. केस दोन्ही बाजूंनी मध्ये येऊन उभे राहिलेले आणि सगळे पुढं, डोक्याकडं झुकलेले. हिवाळी केसांखाली ती इतकी वर्षं झाकलेली होती, किंवा उन्हाळ्यातही कुणी बघितली नव्हती, कारण बघणारे आबा आणि घरच्या खोंडाची लक्षणं तो पोटातून पडला त्याच दिवशी त्यांनी ओल्या अंगावर तपासलेली. कोवळ्या केसांत ती तेव्हा दिसलीही नसेल. मला उगाच हसू फुटलं, भीतीनं फुटतं तसं. वहिनी तिथंच खाली बसली. तिच्या पायाशी रिठ्यांचा फेस वाळत होता. ती म्हणाली, “संपलं.” एवढंच.

आई विहिरीवर कशाला आली होती कोण जाणे, बहुधा पाणी किती उपसलं ते बघायला. तिनं आम्हा दोघींची तोंडं बघितली, हरण्याची पाठ बघितली, आणि बोट फिरवलं. आबांच्या शेजारी इतकी वर्षं काढल्यावर तिलाही ते वाचता येत होतं. मी वाट बघत होते की आता ही आकाश पाताळ एक करणार. आमची आई तोंडाची फार कडक. वहिनीला ती सबंध दिवसात एक गोड शब्द देत नसे. आई म्हणाली, “गंगे, कोठीत जवस हाय. माप भरून घिऊन ये. आन तोंड मिटून ये.”

जवस पाण्यात शिजवला की त्याचा बुळबुळीत चिकट रस निघतो. कपाळावर येणारे उंडगे केस बसवायला बायका तो बोटानं लावत. आईनं तो फडक्यातून गाळला, वहिनीच्या हातात दिला आणि गोमेवर कसा लावायचा ते दाखवलं: आधी केस ओले, मग रस, मग फणीनं मागं, शेपटीकडं, आणि वरून जुन्या लुगड्याचा ओला पट्टा पोटाखालून घेऊन घट्ट. दुपारपर्यंत वाळू द्यायचा. रोज. केसांनाही वळण लागतं, माणसांना लागतं तसंच, असं ती म्हणाली. वहिनी तिच्याकडं बघतच राहिली. शेवटी न राहवून मीच विचारलं, “आई, आबास्नी कळलं म्हंजी?”

आई रस ढवळत होती. वर न बघता म्हणाली, “मी ह्या घरात आले तवा थोरली चुलीपुढं बसली हुती. मला बघून उठली. पदरानं जागा पुसली आन म्हणली, बस बाई. तवापासनं त्या जागंवर मी बसती. रोज बसती. पुन्यांदा कुणाला तसं उठताना मला बघायचं न्हाय.” मग लगेच वहिनीवर खेकसली, “बघत काय बसलीस? पट्टा आवळ!”

तसं आमचं सुरू झालं. वैशाखाच्या उन्हात त्या चिकट रसावर माश्या घोंघावायच्या. पट्ट्याखाली हरण्याच्या अंगाला घाम येऊन बारीक पुरळ उठलं. तो मागं मान वळवून पट्टा चाटायचा आणि वहिनीकडं बघायचा. वहिनीला ते सोसवेना. “आत्याबाई, त्याला तरास हुतोय,” ती एकदा म्हणाली. “तुला हुईल त्यापरीस कमीच हाय,” आई म्हणाली. रात्री पट्टा सोडल्यावर वहिनी त्याच्या पाठीला ताक लावत बसायची. तिला त्याची दया येत होती आणि तिला स्वतःसाठी तो जिंकायलाही हवा होता. या दोन्हींमध्ये ती वाळत चालली होती.

आबा रोज संध्याकाळी गोठ्यात येत. काठी गव्हाणीला टेकवून हरण्याच्या पाठीवर हात ठेवत. वहिनी गोठ्यात असली की तो तेवढं चालवून घेई. त्या वेळी आम्ही तिघी जिथं असू तिथं थबकत असू. एकदा त्यांचा हात वशिंडाच्या मागं आला आणि अडखळला. “हे चिकाट काय लागतंय गं?”

“जवसाचं त्याल हाय,” आईनं चुलीपासून सांगितलं. “ऊन किती हाय! पाट भाजू न्हाय म्हणून.”

“शाणी हायस,” आबा म्हणाले आणि तोंड भरून हसले. आबा फार क्वचित हसत. आईनं फुंकणी उचलली आणि चुलीत इतक्या जोरात फुंकर घातली की राख सगळी अंगावर आली.

प्रदर्शन बारामतीला कऱ्हेच्या काठच्या मैदानात होतं. नदीत वाळू तेवढी होती. आम्ही रातोरात गाडी हाकत आलो, हरण्या गाडीमागं बांधलेला. खरं तर बायकांचं तिथं काम नव्हतं, पण हरण्या वहिनीशिवाय कुणाला शेपटीला हात लावू देत नाही म्हटल्यावर आबांनी तिला आणि सोबतीला मला घेतलं. दादा गाडी हाकत होता. मैदानात जनावरांची दाटी, झुली, घुंगरं, भेळ-भत्ता विकणारे, एक बाजूला पागोट्यांची गर्दी आणि मध्ये मंडपात शेतकी खात्याचे साहेब. साहेब म्हणजे आपलेच, कोट घातलेले. ऊन असं की हवा हलताना दिसत होती. वहिनीनं पोहोचल्या पोहोचल्या पाठीवरचा रस पुन्हा बसवला होता, वरून झूल टाकली होती. आम्ही दोघी गाड्यांच्या मागं तोंड धुवायला आणि चटणी-भाकरी खायला गेलो. तेवढ्यानं घात झाला.

झालं ते असं. बाजीतात्याही प्रदर्शनाला आले होते. त्यांनी झूल उचलून बघितली आणि म्हणाले, “आबा, वाटंच्या धुळीनं मळलाय की तुजा खोंड. पाठीवं माश्या बसल्यात.” आबांच्या खोंडावर माशी! त्यांनी दादाला हौदाची बादली आणायला लावली, झूल काढली आणि स्वतः पाणी ओतून, स्वतःच्या हातानं पाठ चोळायला घेतली. हरण्यानं त्या दिवशी कसं कोण जाणे, चोळू दिलं. भाकरीचा घास हातात घेऊनच वहिनी धावली, पण तोवर आबांचे दोन्ही हात त्याच्या पाठीवर फिरत होते आणि रस पांढरा होऊन ओघळत होता.

मग ते हात थांबले. कोनाड्यात काडेपेटी चाचपताना भलतंच काही हाताला लागावं तसा उजवा हात मागं गेला, परत पुढं आला, एकदा, पुन्हा एकदा. मी आबांचा चेहरा कधी तसा पाहिला नव्हता. ते त्या पांढऱ्या डोळ्यांनी हरण्याकडं बघत होते, जसं काही आता दिसेल. बाजीतात्या विचारत होते, “काय झालं रं आबा?” आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, त्या जागेवर टाकलं आणि त्यावर तळहात दाबून उभे राहिले. म्हणाले, “काय न्हाय. पाणी गार हाय.”

नाव पुकारलं. आबा हरण्याला घेऊन आत गेले, एका हातात कासरा, दुसरा हात उपरण्यावर. आम्ही दोरीच्या बाहेर. वहिनीनं माझं मनगट इतकं आवळलं होतं की काळंनिळं पडलं. वहिनी दोरीपाशी दिसत होती म्हणून की काय, हरण्या गुमान उभा राहिला. साहेबांनी दात पाहिले, अजून अदात, म्हणजे दुधाचेच. खूर उचलले, छाती मापली, चालवून बघितला. मग म्हणाले, “बाबा, हात काढा, पाठ बघू द्या.” आबांनी उपरणं उचललं तेव्हा मला वाटलं ते आता सगळं बोलून टाकणार. जन्मभर दुसऱ्यांच्या जनावरांचं खरं सांगत आलेला माणूस. ते बोलले नाहीत. साहेबांनी गोमेवरून आडवा हात फिरवला, तसाच पुढं नेला, कमरेवर थाप मारली आणि हसून बरोबरच्या माणसाला काहीतरी सांगितलं. त्यांना भोवऱ्या-गोमांशी काही देणंघेणं नव्हतं. हरण्या पहिला आला. आबांना फेटा बांधला, हरण्याच्या शिंगाला रेशमी पट्टी. बाजीतात्यांनी आबांना मिठी मारली. दोरीबाहेरून एवढ्या अंतरावर त्यांना काही दिसलं नव्हतं.

मी आनंदानं ओरडले. खोटं कशाला सांगू, मला वाटलं सुटलो! वहिनीनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

परतीला ऊन कलल्यावर निघालो आणि दिवस उगवताना निमगावच्या अलीकडं एका विहिरीवर बैल सोडले. आमच्यात त्या काळी सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. काही सांगायचं झालं तर मधल्या माणसाला सांगायचं, आणि सासऱ्यानंही मधल्यालाच विचारायचं, मग तिघं एका गाडीत खेटून का बसलेली असेनात. तो मधला माणूस मी.

आबा म्हणाले, “गंगे, तिला इचार. कवापासनं ठावं हुतं?”

मी वहिनीकडं वळले. तिनं ऐकलंच होतं. “सांगा वन्सं, केस झडल्यापासनं.”

“आबा, केस झडल्यापासनं,” मी म्हटलं.

“तुज्या आईला?”

यावर वहिनीनं काही सांगितलं नाही, म्हणून मीही काही सांगू शकले नाही. आबांनी फेटा सोडून मांडीवर ठेवला. “म्हंजी घरात मीच एकला आंधळा,” ते म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून त्याआधी कधी आला नव्हता. दादा पाणी शेंदत होता, त्याचा पोहरा विहिरीतच थांबला. मग आबा पुढं म्हणाले, “तिला सांग, मी शब्द दिलाय, तो मोडत न्हाय. दुसरी सून माज्या घरात यायची न्हाय. पण ह्याला मी गावच्या गाईंवर सोडणार न्हाय. लोक माज्यावर इस्वास ठिवत्यात. उद्या माणूस बोलवतो. बडवून टाकू.”

मी हे कसं सांगू याचा विचार करत होते. सांगायची गरज पडली नाही. वहिनी गाडीतून खाली उतरली. तिचा पदर डोक्यावरून घसरला तो तिनं सावरला नाही, आणि सरळ आबांच्या पुढं उभी राहून ती बोलली. माझ्याकडं न बघता. “आबा, त्याला ठिवा. मला धाडा. न्हायतर आमा दोघांस्नी सुप्याला धाडा. माळावर राहील त्यो. मी परत येणार न्हाय, कुणाला तोंड दावणार न्हाय. पण त्याचं काय बी करू नगा. त्यानं काय केलंय?”

मी दादाकडं बघत होते. आता तरी हा बोलेल. हा म्हणेल, ही माझी बायको आहे. त्यानं पोहरा वर ओढला आणि बैलांपुढं पाणी ओतलं.

आबांना ती दिसत नव्हती, आवाजावरून ती कुठं उभी आहे तिकडं त्यांनी तोंड केलं होतं. “दुसऱ्याच्या दावणीला मी हे बांधायचं व्हय?” ते म्हणाले. “आन सून परत धाडायची? लोक इचारतील, पयल्या नंबराचा खोंड घालवला आन सून बी घालवली, कशापायी? मग काय सांगू? तुजंच नाव हुईल पोरी. गोमंचं नाव कुणी घेणार न्हाय.” ते खरं होतं. ते खरं होतं म्हणूनच मला त्यांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. एवढं कळणाऱ्या माणसाला, केसांच्या रेघेत काही नसतं, एवढं का कळू नये? पण मी तरी कुठं मोठी लागून गेले! गेल्या साली नातवानं जर्सी गाय आणली. डॉक्टरनं तपासलेली, कागदावर सगळं चोख. मी कौतुकानं गोठ्यात गेले आणि माझा हात आपणहून तिच्या पाठीवर, वशिंड असायला हवं तिथं, जाऊन थांबला. नातू म्हणाला, आजी, काय शोधतेस? मी म्हटलं, माशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल बडवणारा आला. बरोबर त्याचे दोघं सोबती, दोर, लाकडाच्या दांड्या. हरण्यानं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. एकाला शिंगानं ढकललं, दोर तोडला, अंगणात फिरत राहिला, शिंगाला अजून ती रेशमी पट्टी. तो माणूस आबांना म्हणाला, “असं न्हाय जमायचं. असा झगडला तर मरंल त्यो. कुणाचं ऐकतोय का बघा.” सगळे आईकडं बघायला लागले आणि आईनं तोंड फिरवलं. मग वहिनी आतून आली. हात ओले होते, पीठ लागलेलं होतं. ती हरण्याजवळ गेली, गळ्याखाली खाजवलं, काहीतरी पुटपुटली. ती रोज पट्टा बांधताना त्याला बसवायची तसं तिनं त्याच्या पुढच्या गुडघ्याला टिचकी मारली. हरण्या बसला. मग आडवा झाला. वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि त्या माणसांकडं न बघता म्हणाली, “या.”

मी घरात पळाले आणि कानात बोटं घातली. तरी ऐकू आलं.

गावात चार दिवस बोलबाला झाला. पहिल्या नंबराचा खोंड बडवला! बाजीतात्या तावातावानं विचारायला आले. आबा पारावर जाऊन बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मला दिसत न्हाय. डोळं गेल्यात माजं. वळू संभाळायचा म्हंजी खेळ न्हाय, म्हणून बडवला.” बाजीतात्यांना पुढं बोलायला जागा उरली नाही. त्यानंतर बैल दाखवायला आमच्या दारात कुणी आलं नाही. आंधळ्याला काय दाखवायचं? आबा पडवीत बसून राहायचे, बाजाराला निघालेल्या जनावरांच्या घुंगरांचा आवाज रस्त्यानं यायचा आणि न थांबता पुढं जायचा. एवढ्यापुरतं मी त्यांना मानते. राग आपल्या जागी, हे आपल्या जागी.

हरण्या औताला लागला. गरीब झाला, कुणालाही हात लावू द्यायचा, दादालासुद्धा. वहिनीनं मात्र पुन्हा त्याला खरारा केला नाही. वैरण टाकायची, पाणी दाखवायची, शेण भरायची, पण अंगावरून हात फिरवायची नाही. तो मान पुढं करायचा, ती बाजूनं निघून जायची. दुसरी सून आमच्या घरात आली नाही. वहिनीला मूल झालं नाही. आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं वहिनीनंच केलं, आणि आई मरेपर्यंत तिच्यावर खेकसत राहिली. पुढं वहिनी म्हातारी झाल्यावर शेजारणी, नातसुना तिला कौतुकानं म्हणायच्या, तुमचे सासरे फार थोर हो, त्या काळात मूल नसताना त्यांनी तुम्हाला घरात ठेवलं, सवत आणली नाही. वहिनी नाही म्हणायची नाही. हातातलं काम चालू ठेवून म्हणायची, “व्हय, ठिवलं. माज्यावरचं हरण्यावर गेलं.”